रोखीत आलेला लाभांश

३ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचं पत्र मिळालं, एक घोर मिटला. बावन्नाव्या वर्षी चालती नोकरी सोडून दोन वर्षं गावोगाव हिंडायला निघालेली बाई आपल्या सात पिढ्यांत झाली नाही, हे तुला तोंडावर सांगितलंच होतं, आता कागदावरही सांगून ठेवतो. सव्वीस वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासल्यास, पगारातून चार पैसे बाजूला टाकून शेअर घेतलेस, आणि आता म्हणतेस, अकरा कंपन्यांच्या लाभांशावर जग बघणार. शेअर एकही विकायचा नाही, येईल तेवढ्यातच भागवायचं आणि नाही भागलं तर मुकाट्याने घरी यायचं. नियम तुझा तूच केलास, म्हणून आठवण देतो.

राग मानू नकोस. मी डेपोत तीस वर्षं बसची वेळापत्रकं केली आणि स्वतः कुठल्याही बसने फार लांब गेलो नाही. मला हे पचायला वेळ लागणार. काल न्हाव्याकडे मात्र उगीचच तुझा विषय काढला. त्याने वस्तरा थांबवून विचारलं, की एकट्याच गेल्या? मी सांगितलं, की हो, एकटीच, तेही एका पिशवीवर. सांगताना मान जरा ताठ झाली असावी, कारण त्याने मला हलू नका म्हणून दम दिला.

तुझ्या वहिनीचे गुडघे तसेच. जिना उतरणं बंदच आहे. तुझं पत्र तिने दोनदा वाचून घेतलं.

बाकी ठीक. रागावलेल्या दादाचाही लोभ असतोच, तो ओळखून घे.
तुझा दादा

२० जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा न्हावी मला आवडला. मानेची काळजी घे.

सध्या एका लाँड्रीच्या वर खोली मिळाली आहे. खाली दिवसभर इस्त्र्या चालतात, त्यामुळे फरशी कोमट असते आणि मी अनवाणी फिरते. मालकीणबाई पावती डोळ्यांपासून हातभर लांब धरतात. मला राहवेना, नंबर वाढलाय म्हणून सांगून टाकलं. खोड जात नाही बघ! भाड्यात मात्र त्यांनी दमडी सोडली नाही.

वहिनीला सांग, समुद्र निळा नसतो. सकाळी करडा असतो, दुपारी हिरवट, आणि संध्याकाळी त्याच्याकडे बघवत नाही इतका चकाकतो. चित्रकारांनी आपल्याला फसवलं. मी रोज तासभर धक्क्यावर नुसती बसते. इतकी वर्षं मी जेवायच्या सुट्टीतही घड्याळ बघून घास गिळला, दादा. आता कोणी विचारत नाही.

परवा साबणाच्या कंपनीचे ८,४१२ आणि वर काही पैसे आले. तीन आठवडे आरामात निघतील.

तुम्हा दोघांची माया असू दे, पिशवीत तिला जागा लागत नाही.
तुझी भिंगरी

९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पेपर वाचलास का? तुझ्या सिमेंट कंपनीने यंदा लाभांश द्यायचा नाही असं जाहीर केलंय. तुझी निम्मी मिळकत तिच्यावर होती, हे मला माहीत आहे. पाणी डोक्यावरून जायच्या आत परत ये. हरलीस असं कोणी म्हणणार नाही, आणि म्हटलंच तर माझ्याशी गाठ आहे. तू आहेस त्या गावाहून सुटणाऱ्या गाड्या मी काढून ठेवल्या आहेत. सकाळची घे, ती वेळेवर असते.

बातमी वहिनीला वाचून दाखवली. तिने समुद्राचं पत्र तेवढं मागून घेतलं.

वाट बघतो आहे.
दादा

२ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

तुझं खरं होतं. चार दिवस आकडेमोड केली, मग वीस तारखेचं तिकीट काढलं. सकाळच्याच गाडीचं.

आणि काल बँकेत बघते तर चाळीस हजार जमा! तपशील काय, तर ‘रोख भरणा: लाभांश’. अरे दादा, लाभांश कधी कोणी खिडकीवर रोख भरतं का? आणि शून्यांनी भरलेला एवढा गोल आकडा कुठल्या कंपनीने दिलाय? आधी पोट धरून हसले, मग धक्क्यावर बसून रडले. वर एवढं रागावतोस आणि आतून पेन्शनची ठेव मोडतोस! तुझ्यासारखा भाऊ कोणाला मिळणार नाही. पण मी ते घेणार नाही. तुझ्या म्हातारपणावर मी फिरायचं, हे माझ्याने होणार नाही. घरी आले की आधी ते पैसे तुझ्या हातात ठेवेन.

माया आहे तशीच ठेव, फक्त ती बँकेत भरू नकोस.
भिंगरी

८ सप्टेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र हे मोठ्याने वाचत होते. चाळीस हजारांपाशी आले आणि थांबले. यांनी एक छदामही भरलेला नाही. त्यांना वाटलं, तुम्हाला भ्रम झाला.

पैसे मी भरले. कोपऱ्यावरच्या शिंप्याची काजं-बटणं मी एकोणीस वर्षं करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पैसे मी साठवत होते, हे यांनाही ठाऊक नव्हतं. मला कुठेतरी लांब जायचं होतं. कुठे, ते ठरवेपर्यंत गुडघे गेले. तुम्ही शेअर घ्या म्हणायचात, तेव्हा मी घाबरले. तुम्ही घाबरला नाहीत, म्हणून तुमचा मला फार अभिमान वाटतो.

हे डेपोतल्या मित्रांकडे गेले तेव्हा मी निघाले. अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत. प्रत्येक वळणावर बसले, पण उतरले. खिडकीवरच्या मुलीने तपशील विचारला. मला तेवढा एकच शब्द येत होता. लाभांश रोखीत येत नाही, हे मला कोण सांगणार?

यांनी तुमचं पत्र वाचायला घेतलं, की मी डोळे मिटून घेते. त्या कोमट फरशीवर मी चालले आहे, वन्सं. धक्क्यावर तुमच्या शेजारी बसले आहे. तेव्हा हे पैसे तुम्हाला दिलेले नाहीत, तुमचा नियम मोडत नाही. हा माझ्या प्रवासाचा खर्च आहे आणि तो मीच करणार.

तिकीट रद्द करा. तुम्ही परत आलात, तर मलाही परत यावं लागेल.

लोभ आहेच. घाई नको.
तुमची वहिनी