थांबवलेला चेक

प्रिय लर्लीन,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडलं. पण तेवीस वर्षं तुला असंच लिहीत आले, आता दुसरं काही सुचत नाही. आमच्या नवरोबाचा, हॉइटचा गुडघा बरा आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात नवा ओव्हन आलाय, त्यात मक्याचा पाव एका बाजूनं करपतो. रविवारी चर्चमध्ये तू दिसलीस आणि मी मागच्या दारानं निघून गेले. ते तू पाहिलंस, हे मला ठाऊक आहे.

गेल्या मार्चमधला तो आठवडा आठवतो ना? आमची सेप्टिक टाकी तुंबली, घाण न्हाणीघरात वर आली आणि उपसणारा माणूस रोख पैशांशिवाय यायला तयार नव्हता. तू हायवेवरच्या त्या पगारापुरतं कर्ज देणाऱ्या दुकानात काउंटरवर होतीस. म्हणालीस, "अगं, माझ्याकडे ये, दहा मिनिटांचं काम." तीनशे डॉलर माझ्या हातात आले आणि पुढच्या पगाराची तारीख घातलेला तीनशे पंचेचाळीसचा चेक तुझ्या ड्रॉवरमध्ये गेला. पगार झाला, पण सगळे पैसे एकदम कुठून काढणार? पंचेचाळीस भरायचे आणि तारीख पुढे ढकलायची. असं चार वेळा केलं. पैसे जात राहिले आणि ते तीनशे होते तिथेच राहिले.

मग एका संध्याकाळी तू माझ्या टेबलाशी बसून मी भाजलेल्या गोड पीच-पायचे दोन तुकडे खाल्लेस आणि आवाज खाली आणून म्हणालीस, "चेक थांबव, नेल्डा. बँकेत जाऊन एक सही कर. एवढ्याशा रकमेसाठी कंपनी कुणाच्या मागे लागत नाही. मी आत बसते ना, मला माहीत आहे." मला केवढं हलकं वाटलं! दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. त्यांनी त्या सहीचेच पस्तीस डॉलर कापले. तिथली मुलगी बजावत होती की चेक थांबला तरी देणं थांबत नाही. मी हसले. मनात म्हटलं, पोरी, माझं माणूस आत आहे. रात्री तुझा फोन आला, "झालं का?" मी म्हटलं झालं. "शाब्बास," म्हणालीस.

त्या महिन्याचा पगार पहिल्यांदाच अख्खा हाती आला. हॉइटला बूट घेतले. मग शाळेच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या फोनवर कंपनीच्या एका वसुलीवाल्याचे फोन यायला लागले. आवाज मऊ, 'मिस नेल्डा' म्हणायचा. खोटा चेक देणं गुन्हा आहे, शेरीफकडे कागद गेलेत, बेड्या घालून नेतील, असं सांगायचा. एका दिवसात अकरा वेळा. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, काय भानगड आहे? घरी दारावर कुणी थाप मारली की मी दिवा मालवून बसायचे. तुला सांगितलं, तेव्हा तू माझा हात हातात घेऊन म्हणालीस की फोन उचलूच नकोस, थकतात ते.

शेवटी शेरीफचा माणूस आला तो ऐन जेवणाच्या सुट्टीत. तिसरीची मुलं ताटं घेऊन रांगेत उभी आणि माझ्या हातात पळी. त्याच्याकडे बेड्या नव्हत्या, कोर्टाचं समन्स होतं. तोच बिचारा ओशाळला होता. पण एका मुलीनं घरी जाऊन विचारलं की जेवण वाढणाऱ्या बाईंना तुरुंगात नेणार का. तिच्या आईनं शाळेत फोन केला. दुसऱ्या दिवसापासून मला मागे भांडी घासायला बसवलं, रोजचे दोन तासही कमी केले. मुलांना वाढायचं काम मला किती आवडायचं, ते तुला सांगायला नको.

कोर्टात जाताना मी हॉइटला म्हटलं, घाबरू नकोस, लर्लीन सांगेल खरं काय ते. तू आलीस. मी विणलेला निळा स्वेटर घालून आलीस आणि कंपनीच्या बाजूला जाऊन बसलीस. न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा स्वच्छ आवाजात म्हणालीस, "चेक थांबवू नका, असं मी ग्राहकाला स्पष्ट सांगितलं होतं." ग्राहक! तुझ्या दोन्ही बाळंतपणांत जी उशाशी बसली, ती ग्राहक. दंड आणि खर्च धरून सहाशे बारा डॉलर माझ्या पगारातून कापायचा हुकूम झाला. बाहेर उन्हात मी गाडीशी तुझी वाट पाहत उभी राहिले. तू मॅनेजरच्या गाडीत बसून गेलीस.

तरी मी तुझ्या बाजूनं कारणं शोधत राहिले. तुझी नोकरी गेली तर तुझ्या नातवंडांचं कसं होईल, भीतीनं माणूस बोलून जातं, वगैरे. हॉइट म्हणाला, सोडून दे, आणि मी जवळजवळ सोडलंच होतं. पण मिस पेटिग्रू नावाच्या वकीलबाई आहेत, गरिबांच्या केसेस फुकट लढतात. त्यांनी मुदतीत वरच्या कोर्टात अपील केलं आणि कंपनीकडून माझी फाइल मागवली. त्यात माझा कर्जाचा फॉर्म होता. कामाच्या ठिकाणचा फोन, हा रकाना मी कोरा सोडला होता, तूच सोड म्हणाली होतीस. आता तिथे फ्रिजशेजारचा तो नंबर आहे. तो कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही. हॉइटकडे होता आणि तुझ्याकडे. सातच्या पोटात आडवी रेघ मारायची तुझी सवय मी कुठेही ओळखीन. शेजारी तारीख आहे, मी चेक थांबवला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

म्हणजे 'शाब्बास' म्हणालीस आणि सकाळी जाऊन मला त्यांच्या हाती दिलंस. वकीलबाई म्हणाल्या, बुडीत चेकच्या वसुलीवर काउंटरच्या लोकांना बक्षीस असतं. किती असतं, ते मी विचारलं नाही. तो आकडा मला नको आहे.

गुरुवारी दहा वाजता सुनावणी आहे. साक्षीसाठी तुलाही बोलावणार आहेत, उद्या कागद पोहोचेल. काल वकीलबाईंनी विचारलं, "तुमची मैत्रीण आहे ना ती? हा फॉर्म तिच्यासमोर ठेवला तर तिची नोकरी राहणार नाही. ठेवू का?" मी म्हटलं, ठेवा. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहिलं.

इतकी वर्षं तुझीच होते ती,
नेल्डा