बुडीच्या जेवणाची पाळी

माय, तुले मरून किती वर्सं झाली ते मी मोजत नाही. मोजून का करायचं? डोस्क्यात एक गोष्ट बसूनच नाही राहिली, म्हणून लिहून राहिली. माझं राहणं आता गोंदियाच्या बाहेर, वृद्धाश्रमात. पोरानं टाकलं नाही, मीच आली. बाजूच्या खाटेवर एक बुडी आहे. तिचं कोणी नाही, उठायची ताकदही नाही. दोन्ही टाईम मीच पेज पाजतो. दुसऱ्याच्या हातानं तोंडच उघडत नाही, मोठी राणी! काल मॅनेजरनं सगळ्याइले बसवलं. म्हणे, "अम्मा, सरकार से पैसा नहीं आया." सैपाकीन तर गेलीच सोडून. म्हणे, ज्याले घर आहे त्यानं अनुदान येईतवर घरी जावं, म्हणजे बाकीच्याइचं भागते. म्हटलं, "अनुदान येते कधी?" "कभी भी आ सकता है." मागून एक बुडगा बोलला, "भूक मात्र टाईमावर येते बाप्पा, तिले मंजुरी लागत नाही." सगळे हासले, मॅनेजरही हासला. यात हासायचं का होतं?

तवापासून आपल्या गावची ती आंधळी बुडी डोळ्यापुढं येऊन राहिली. तिले जेवण द्यायची घरोघर पाळी होती, आज या घरची, उद्या त्या घरची. तू आपल्या इकडच्या प्रतापगडच्या जत्रेतून पायी येतेस, अन् पानी प्यायच्या आधी विचारतेस, "बुडीचं जेवण गेलं का?" मी म्हणतो, "आपल्यालेच भात कमी आहे. उद्याचं घर देईल नं." तू हांडीतला भात काढतेस, वर लाखोरीची डाळ घालतेस. "अन् उद्याच्या घरानंही असंच म्हटलं तर? चाल, ऊठ."

मग गावाले जमलं ते सरकारले काऊन जमत नाही? गावात पाळी चुकली तर भांडायले तू होतीस. इथं कोणाशी भांडू? मॅनेजरशी भांडली, तर त्याचाच पगार अडकला आहे. तो म्हणे, वरून यायचं आहे. वर म्हणजे कुठं, ते त्यालेही माहीत नाही. अन् गावाले तरी सगळं जमत होतं असं कायले म्हणू? त्या बुडीचं हागणंमुतणं काढायची पाळी कोणाचीच नव्हती. इथं ते काम रोज होते. म्हणजे चांगलं कोणतं, मले सांगता येत नाही.

मॅनेजरनं घरी कळवलं होतं, सकाळी पोराचा फोन आला. "आई, उद्या गाडी घेऊन येतो, कपडे भरून ठेव." चांगला आहे पोरगा. सूनही ताट हातात आणून देते. गेली तर माझ्या वाटचा भात इथं वाचते, राहिली तर बुडीच्या पोटात पेज जाते. दोन्ही खरं. बुडीलेच विचारलं, "जाऊ का वो?" "जा नं. तुले कोणी बांधून ठेवलं?" असं म्हणाली अन् पेजेसाठी तोंड उघडून बसली.

पोराले मी फोन लावला. म्हटलं, येऊ नको, अनुदान आलं. आलं नाही, माय. हे तुलेच सांगून राहिली, कारण हा कागद कुठं पोस्टात टाकायचा नाही.