धोंड्याच्या महिन्यातलं ताट

आई,

ईदच्या सुट्टीत आम्ही दोघी बँकॉकला जाऊन आलो. ऑफिसात शॉपिंगला जातेय म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे नको असलेले कपडेही दोन बॅगा भरून आणावे लागले. खरं कारण निराळं. तिथे एक बाई दुसरीची ओळख ‘माझी बायको’ अशी करून देते आणि शेजारचा फळवाला मान वरसुद्धा करत नाही. आम्हाला ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. दुबईत, अल बर्शात इतकी वर्षं एका घरात राहतोय, पण सगळ्यांसाठी ती माझी फ्लॅटमेट. तुझ्यासाठीही, असं मी धरून चालले होते.

अजमानच्या आपल्या स्वयंपाकघरात धोंडा आला की तुला श्वास घ्यायला फुरसत नसायची. दुबई-शारजातल्या यच्चयावत सासवा जावयाच्या वाणाचे अनारसे तुझ्याकडूनच करवून नेत. तू तळता तळता मला ऐकवायचीस, ‘सगळ्यांच्या जावयांचं मी करते. माझ्या घरी कोण आहे ताट घ्यायला?’ मी खसखस पसरत राहायचे. एकदा मात्र चिडून म्हणाले, आई, खलास, हा विषय बंद. तू झारा खाली ठेवलास. नंतर तो विषय कधीच काढला नाहीस. तू रुसलीस असं मला वाटलं आणि तू गेल्यावरही ते मनात टोचत राहिलं.

बँकॉकमध्ये एक कॅफे साठीच्या दोघीजणी चालवतात, भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो. त्यांनी विचारलं, तुमच्या घरी माहीत आहे का? ही म्हणाली, केरळला माझ्या घरी नाही, पण हिची आई मात्र फार गोड, एकदा मी एकटी असताना घरी आली होती. मला हे नवीनच. मी विचारलं, कधी?

“तू ऑफिस में थी. मेरे को पाट पे बिठाया, टीका लगाया. कॉपर की प्लेट में वो खसखसवाला मिठाई, ऊपर दिया. बोली, उसको मत बोलना, वो चिडती है.”

हिला वाटलं, कसली तरी पूजा असेल. दोन खाल्ले आणि उरलेलं जावयाचं वाण हिने अकाउंट्स डिपार्टमेंटमध्ये वाटून टाकलं. मी आधी हसले, मग सगळ्यांसमोर रडले. ते ताट कोणाला देतात हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मम्मी को सब मालूम था?”

तू मला का सांगितलं नाहीस, याचा मला रागही आला. पण विषय मीच बंद केला होता.

परत आल्यावर, धोंडा संपायच्या आत मी अनारसे करून पाहिले. सगळे तुपात विरले. हे पत्रही लिहून झालं की फोनमधून पुसून टाकणार आहे. असलं काही जवळ ठेवायची भीती इथे जात नाही. अनारसे शेवटी शारजातल्या एका काकूंकडून विकतचे आणले. त्यांनी विचारलं, जावई कोणाचा? मी म्हणाले, माझ्या आईचा. “म्हणजे तुमचे मिस्टर,” काकू म्हणाल्या, आणि मी हो म्हणून आले.