शाळेचा निर्णय अजून व्हायचाय

२ सप्टेंबर
बायको मुलीला घेऊन उपनगरात तिच्या भावाकडे राहतेय. भांडण वगैरे अजिबात नाही. प्रश्न फक्त शाळेचा. माझं मत, आमच्या घरासमोरची पालिकेची शाळा. तिचं मत, उपनगरातली. पोरीचं नावही तिथे घातलंय. दुरून डोंगर साजरे, हे कळेलच तिला. मी पुरावे गोळा करणार, पटवणार, दोघी परत. महिनाभराचं काम.

५ सप्टेंबर, सकाळी ७
समोरच्या शाळेची घंटा झाली आणि सवयीने 'ऊठ गं' म्हणून हाक मारली. आतल्या खोलीतून 'पाच मिनिटं' असं स्पष्ट ऐकू आलं. जाऊन पाहिलं तर गादी गुंडाळलेलीच. कान तपासून घ्यायला हवेत. उद्यापासून हाक मारणं बंद.

६ सप्टेंबर
हाक मारली. उत्तर आलं नाही. दिवसभर करमलं नाही.

११ सप्टेंबर
रजा टाकून उपनगरातली शाळा गुपचूप पाहून आलो. दोषच दोष. मैदान अवाढव्य, पोर हरवायची. वर्गात जेमतेम पंचवीस मुलं. अशाने गर्दीत घुसायची सवय कशी लागणार? वॉचमनने हटकलं. बाप आहे म्हणालो, मुलीचा वर्ग सांगितला. तो म्हणाला, तिला न्यायला तर मामा येतात. सख्ख्या बापाला ओळखत नाही. सिक्युरिटी ढिसाळ!

१९ सप्टेंबर
बायकोला फोन. मुद्देसूद बोललो. पालिकेच्या शाळेत नवे कॉम्प्युटर आलेत, हेही सांगितलं. ती म्हणाली, प्रश्न शाळेचा कधीच नव्हता, तुला माहितीय. म्हणजे तिच्याकडचे मुद्दे संपले. जिंकत आलो.
फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं. दोन खोल्यांचं घर!

२४ सप्टेंबर
रविवार असूनही चुकून पोरीचा डबा भरला. जॅम-ब्रेड, कडा काढून. मग तिच्याच खोलीत बसून खाल्ला.
शेजारच्या शिंपीणकाकूंनी विचारलं, रोज सकाळी कोणाशी बोलत असता? रेडिओ आहे म्हणालो. उद्या एक रेडिओ घ्यायला हवा.

३० सप्टेंबर, शनिवार
पोरगी आली! उद्या संध्याकाळपर्यंत आहे. आल्या आल्या झोपली, प्रवासाने दमली होती. उद्या थेट तिलाच विचारणार, कोणती शाळा. माझी बाजू भक्कम आहे. आज खोलीतून श्वास ऐकू येतोय, तो खरा आहे. दोनदा जाऊन खात्री केली.

१ ऑक्टोबर, रविवार
विचारायचं राहूनच गेलं. सकाळी उठलो तर ती आधीच तयार. अंथरुणाची घडी घातलेली, केस विंचरलेले, खुर्चीच्या अगदी टोकाला बसून माझी वाट पाहत होती. म्हणाली, बाबा, फ्रिजमधलं पाणी घेऊ का?
घे म्हणालो.
पाणी प्यायली, ग्लास विसळून पालथा घातला आणि मला थँक्यू म्हणाली.
शिस्त आहे. चांगली शाळा आहे ती.