विटांची वरची ओळ

४ जानेवारी, रविवार

आज क्लबात, लढाईच्या खेळाच्या टेबलावर माझ्या हातचं जे होतं ते —

पडक्या मिलची इमारत. चहाच्या खोक्यांचा पुठ्ठा, विटा एकेक कापून चिकटवलेल्या. दोन हजारांच्या वर.

झाडं सोळा. आमच्या लूमच्या खात्यातल्या वेस्ट सुताची. एक दुसऱ्यासारखं नाही.

पाण्याची टाकी, रेल्वेचा फाटका रूळ, सहा खंदक.

आणि डोंगर! दोन पायांचं लढाऊ यंत्र, उभं राहिलं की एकतीस सेंटिमीटर. जुन्या लूमचा धोटा मधोमध कापून दोन तोफा केल्या. पाठीला बॉबिनी. गुडघ्यांत खरी बिजागरी — डोंगर खरोखर गुडघे टेकतो. समोरचे सैनिक अंगठ्याएवढे. बाजारचं काही नाही. नववी नापास माणसाने इंग्रजी नियमांची पुस्तकं मोबाईलवर शब्द शब्द लावून वाचली आणि हे उभं केलं. सात महिने लागले.

जिंकलो. बन्सीभाऊंचे छत्तीस सैनिक, चार तोफा — तासाभरात साफ. एरवी आमचा डाव संध्याकाळपर्यंत चालतो. मगनभाई, ज्यांच्या गोडाउनवर आमचा क्लब, ते ओरडले, "आ तो राक्षस छे, राक्षस!" क्लबातली प्रिया वाकून भिंत बघत होती. "काका, वरची ओळ नवीन का? मस्त दिसते." म्हणालो, डागडुजी.

बन्सीभाऊंचे व्याही योगराज मुद्दाम नवसारीहून बघायला आले होते. तेही खेळणारे, नवसारीच्या क्लबात. सगळ्यांसमोर म्हणाले, "व्याही, माझा चहा संपायच्या आत तुमची फौज संपली!" सगळे हसले. बन्सीभाऊही हसले. मग माझा हात दाबून हळूच, "मीच कच्चा शे, मास्तर. तुमचं काम एक नंबर."

घरी जेवलो नाही. कुसुमला सांगितलं, तिकडे भजी खाल्ली. खाल्ली नव्हती.

५ जानेवारी

चार मिलिमीटर.

७ जानेवारी, बुधवार

लिहूनच टाकतो. इथे कोण वाचणार आहे!

आमच्या क्लबात नजर धाग्याने मोजतात. पद्धत माझीच. सैनिकाच्या बंदुकीपासून समोरच्यापर्यंत लाल धागा ताणायचा. मध्ये काही अडलं — गोळी नाही. सरळ गेला — फासे टाका. मोठ्या यंत्राचं एकच दुखणं असतं, ते लपत नाही. एका फेरीत दहा माणसं मारील, पण दिसत राहतं. म्हणूनच ते खेळवणं रास्त ठरतं. हे मीच सगळ्यांना शिकवलं. हात वर करकरून!

डोंगर तयार झाला तेव्हा मिलच्या भिंतीमागे गुडघे टेकवून बसवला. बसलेली उंची दोनशे चोवीस मिलिमीटर. भिंत दोनशे वीस. डोकं चार मिलिमीटर वर.

मांडी चार मिलिमीटर कापायची होती. अर्ध्या तासाचं काम. पण मांडी आणि पोटरीचं प्रमाण मी आठ वेळा काढलेलं. करवत लावली आणि हात चालेना. इतकं बरोबर माप परत कुठून आणणार?

म्हणून भिंतीवर विटांची एक ओळ चढवली. एक वीट अकरा मिलिमीटर. तोच रंग, तीच काजळी, दोन विटा मुद्दाम फोडलेल्या — जुन्या वाटाव्यात म्हणून. इतकं नीट काम आयुष्यात केलं नसेल.

आणि रविवारी बन्सीभाऊंनी चार वेळा धागा ताणला. चारही वेळा विटेला अडला. प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःच सांगितलं — "अडला हो, मास्तर." मला बघायलाही लावलं नाही! माझ्या पाळीला मी उभा राहायचो, तोफ मारायचो, परत गुडघे टेकायचो.

नऊ वर्षांचे रविवार त्या माणसाबरोबर काढलेत मी.

८ जानेवारी

खात्यात चौदा नंबरच्या लूमला धोटा अडकला. शेठ म्हणाला, "मास्तर लावतील, मास्तरांचं माप चुकत नाही." मान खाली घालून पाना शोधत बसलो. पाना हातातच होता.

११ जानेवारी, रविवार

बन्सीभाऊ आले नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा — मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही आले होते.

प्रियाने विषय काढला. साड्यांच्या डिझाइनचं काम करते, बोलते सरळ. "मोठ्या मशीन बंदच करा, काका. समोरच्याने नुसते मेलेले सैनिक उचलायचे? यात खेळ कुठे आहे?"

मगनभाई माझ्या बाजूने. "मास्तरे सात महिना महेनत करी छे! बंद केम?"

आणि मी बोललो. बोललो कसला, भांडलो. मोठं यंत्र म्हणजे अन्याय नाही. आठ दिवस आधी सांगा. समोरच्याला तेवढ्याच पॉइंटांची, म्हणजे तेवढ्याच ताकदीची, फौज द्या. त्याला यंत्र मारायचंच काम देऊ नका — पूल धरायचा, जखमी पलीकडे न्यायचे, असं काही द्या. यंत्राच्या पायाशी पाच सैनिक पोचले तरी तो जिंकू शकेल असा डाव मांडा. खरंच सांगत होतो. शब्दन् शब्द खरा! यंत्राचा दोष नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत?

प्रिया म्हणाली, "मग त्या दिवशी काय चुकलं?"

मी म्हणालो, "फासे."

नियम लिहून आणायचं काम एकमताने माझ्याकडे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. खातं बंद. कोसाडच्या सगळ्या गच्च्यांवर सकाळपासून "काय पो छे". मी घरात, समोर भिंत. आमची मुलगी रुपाली मैत्रिणीकडे पतंग उडवायला गेलेली.

कुसुम तिळाचे लाडू घेऊन आली आणि थांबली. "अहो, ही ओळ कधी लावली?"

"का?"

"विटा मीच कापत होते ना. वीस ओळी झाल्या होत्या. कंटाळा आला म्हणून मोजलेल्या." बोट लावून परत मोजल्या तिने. "एकवीस."

म्हणालो, शोभेसाठी.

"बन्सीभाऊंना माहितीये?"

बस, एवढंच विचारलं. कोणता डाव, कोण हरलं, काही नाही. खेळातलं तिला काही कळत नाही असं मी चारचौघांत सांगतो. ताटली ठेवून निघून गेली. लाडू संध्याकाळपर्यंत तसेच.

१६ जानेवारी

नियम लिहिले. सुवाच्य अक्षरात, समास सोडून.

एक, आठ दिवस आधी सांगणे. दोन, यंत्र समोरच्याच्या हातात देणे, त्याने स्वतः मोजून घेणे. तीन, पॉइंट बरोबरीचे. चार, यंत्र न मारताही जिंकता येईल असं काम. पाच, समोरच्याला मान्य नसेल तर यंत्र खोक्यातून काढायचंच नाही.

सहावा — ज्याचं यंत्र, त्याने त्या डावाच्या भिंती करायच्या नाहीत.

लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला. खोडलं की जास्तच दिसतं.

१८ जानेवारी, रविवार

क्लबात न जाता पर्वत पाटियाला बन्सीभाऊंच्या घरी गेलो. मंगलाबाईंनी दार उघडलं. "या, मास्तर! मेलेल्यांना मोजायला आलात का?" त्या हसल्या. मला हसता येईना.

बन्सीभाऊ जमिनीवर बसून एकेक सैनिक साडीच्या कातरणात गुंडाळत होते. साड्या घडी करून पॅक करायचं त्यांचं छोटं काम आहे, घडी हातातच बसलेली. सैनिकालाही पदर काढून गुंडाळत होते.

"हाई काय, भाऊ?" मी विचारलं.

"पुरे झालं आता. व्याही रोज फोन करून विचारतात — फौज उठली का? इथे माझ्या सुनेसमोर, नातवासमोर, स्पीकर लावायला सांगून! पोरीने ऐकलं तर तिला काय वाटत असेल सासरी?" मग म्हणाले, "बावीस फेब्रुवारीला नवसारीवाले आपल्याकडे खेळायला येताहेत. योगराज येणार. माझ्या जागी दुसरं कोणी बसवा."

एकेक सैनिक त्यांनी डोळे बारीक करून रंगवलाय. एकाच्या कानात बाळी आहे — ती दिसायला भिंग लागतं. तोही गुंडाळला.

मी दोन कप चहा प्यालो. हवेवर बोललो. घरी आलो.

थू!

२१ जानेवारी, बुधवार

खात्यातून लवकर सुटी घेतली. भिंत साडीच्या खोक्यात ठेवली, मोटारसायकलला बांधली, पर्वत पाटिया. डोंगर पिशवीत.

त्यांच्या पॅकिंगच्या टेबलावर दोन्ही मांडलं. सांगितलं. वीस ओळी, एकवीस ओळी, चार मिलिमीटर, सगळं. वाक्यं रस्ताभर जुळवली होती, एकही आठवलं नाही. नुसते आकडे सांगत गेलो.

बन्सीभाऊंनी खिशातून लाल धागा काढला — अजून खिशात ठेवतात! ताणला. अडला. मग वरच्या ओळीवर बोट आडवं ठेवून अंदाज घेतला, ती नसती तर कुठे गेला असता. डोंगराचे गुडघे वाकवले, सरळ केले. परत वाकवले. चार-पाच वेळा.

"म्हणजे मी हरलो नव्हतो."

"नाही, भाऊ."

"चारही तोफा लागल्या असत्या?"

"फासे पडले असते तर."

"पडले असते." शिवी देतील, भिंत उचलून फेकतील, वाटलं. फेकली असती तर बरं झालं असतं. "कोणाला सांगितलं हे?"

"अजून कोणाला नाही. रविवारी सगळ्यांसमोर सांगणार. ओळ तिथेच काढणार."

"रविवारपर्यंत थांबा. नका सांगू."

माझीच अब्रू सांभाळताहेत! वाटेत अमरोलीच्या पुलावर गाडी कडेला घेतली. डोळे पुसल्याशिवाय रस्ता दिसेना.

२२ जानेवारी

जेवलो. दोन वेळा वाढून घेतलं. कुसुम बघत होती.

२३ जानेवारी

बन्सीभाऊंचा फोन! "मास्तर, रविवारी तासभर आधी या. आपण दोघंच टेबल लावू." आवाज जुना. सैनिक पुन्हा बाहेर काढलेत म्हणाले. कातरणं मंगलाबाई गोधडीला मागताहेत.

नियमांचा कागद परत सुवाच्य लिहिला. सहावा पहिला केला.

असा माणूस मला मित्र म्हणून मिळाला, आणि मी त्याला पुठ्ठ्याच्या विटेने मारला.

२५ जानेवारी, रविवार

क्लबात आम्ही दोघंच होतो. मी ओळ काढायला ब्लेड उघडलं तर बन्सीभाऊंनी मनगट धरलं. "काढू नका. भिंत ऱ्हाऊ द्या, मास्तर. बाकी कोणाला काही माहीत नाही ना? मग मला तुमच्यासारखाच एक डोंगर करून द्या, गुडघ्याचा. बावीस तारखेला योगराजला माझ्यासमोर बसवा, याच भिंतीच्या पलीकडे." पैशांचं पाकीट आणलं होतं, साडीच्या कातरणात नीट घडी घालून. मी नको म्हणालो. आत चाळीस हजार.