आलटून पालटून

५ नोव्हेंबर
आले एकदाची मुरगूडला! नांदेडहून निघताना आईनं असं रडून घेतलं, जणू लेक सासरी चालली होती. चालली होती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, पंपांचे सुटे भाग तपासायच्या नोकरीवर. अण्णासो आणि शालनकाकींच्या घरी वरची खोली मिळालीय. त्यांचा मुलगा पुण्यात असतो, त्यामुळे माया करायला त्यांना माणूस हवंच होतं. माझं पोट भरलं हे काकींना तिसऱ्या भाकरीपर्यंत पटेना. "खा की श्रुती, लाजतीस काय?" असं त्या दरडावून विचारतात. इथं प्रेमसुद्धा भांडल्यासारखं करतात. मला आवडलं.

८ नोव्हेंबर
काम जमतंय. बिद्रीच्या साखर कारखान्याचं गाळप सुरू झालंय, वाऱ्यावर मळीचा वास येतो. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे कंपनीची बस रोज रखडते. माझ्या अक्कलदाढेनं मात्र डोकं वर काढलंय. शेजारच्या टेबलावरची स्नेहल म्हणाली, चला, उशिरा का होईना, अक्कल येतेय. ती मुरगूडचीच. तिनं पर्समधला पांढऱ्या गोळ्यांच्या पट्टीचा कापलेला तुकडा दिला. एक घेतली, तासाभरात आराम पडला.

११ नोव्हेंबर
गाल सुजलाय, अंगात कणकण आहे, वर सर्दी. दातांच्या डॉक्टरकडे रविवारीच जाईन. पहिल्याच महिन्यात रजा मागितली तर साहेब कायमचीच देतील. मेडिकलवाल्या बाळासोंनी केशरी गोळ्या दिल्या. पट्टी कात्रीनं कापली, नाव राहिलं त्यांच्याकडच्या तुकड्यावर. आधी काय घेतलंय ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तापासाठी काकींच्या डब्यातली लांबट गोळी, सर्दीला पाण्यात घालायची पुडी. एकच गोळी लागोपाठ घ्यायची नसते, एवढं मला कळतं. म्हणून आलटून पालटून घेते. पांढरी, मग केशरी, मग लांबट. जेवण जात नाही, नुसती पेज.

१३ नोव्हेंबर
ठणका लवकर लवकर परत येतो. बसवत नाही, निजवत नाही, खोलीत येरझाऱ्या घालते. आज पांढरी आणि केशरी एकदमच घेतली. औषधं वेगवेगळी, मग काय बिघडतंय? काकींचंही तेच म्हणणं, एवढ्याशा गोळीनं काय हुतंय. त्या तांब्या घेऊन उभ्याच असतात.

१४ नोव्हेंबर
उलट्या. मळीच्या वासानं असेल. खिडकी लावली तरी वास आतच. लवकर आले घरी. सुपारीएवढी दाढ आणि माणसाची ही दशा!

१५ नोव्हेंबर
आज बरं वाटलं! उलटी नाही. कामावर गेले, स्नेहलशी हसले. दाढ ठणकतेच, म्हणून गोळ्या चालू ठेवल्यात. उद्या रविवार, सुटले.

१६ नोव्हेंबर
दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. उठवेना. उजव्या बरगडीखाली दुखतंय. दुखतंय म्हणून आणखी एक लांबट. लघवी कोऱ्या चहासारखी. भीती वाटते, कशाची ते कळत नाही. स्नेहल भेटायला आली, माझे डोळे निरखून बघितले. कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे घेऊन गेली. मग आरसा बघितला. डोळ्यांतलं पांढरं सगळं हळदीसारखं —

१७ नोव्हेंबर
अक्षरं हलतात. वरचं काल लिहिलं की आज? अण्णासो गाडी बघायला गेलेत. कोल्हापूरला न्यायचंय.

स्नेहलचा फोन आला. रडत होती. बाळासोंना तुकडे दाखवले तिनं. सगळ्यांत एकच औषध. पॅरासिटामॉल. पांढरीत तेच, केशरीत तेच, लांबटीत, पुडीत — आता एकही घेऊ नकोस म्हणाली, लिव्हर गेलं असेल — निघालेय म्हणाली —

मी आलटून पालटून तेच — तेच —

काकींना माहीत नाही. फोन मीच घेतला. सांगायचंय. जीभ जड —

काकी आल्या. डोळे पुसतात. एका हातात तांब्या. दुसरी मूठ उघडली, आत लांबट गोळी. गाडी येस्तवर एवढी घे की बाळ, म्हणतात, ठणका तरी थांबंल —

नको. नको म्हणायचंय. तोंड उघडलं, त्यांना वाटलं