सत्तावीस क्रमांकाचा रस्ता आणि माझी थोरली बहीण

मी, शेफकेत ओमेरागिच, वय चौऱ्याहत्तर, राहणार बिस्त्रिक, सारायेवो, माजी दळणवळण मंत्री, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. मंत्री असताना या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी क्वचितच जमल्या.

१. राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक मुलगी एल्विरा हिला मिळावी. तिने फ्लॅट खुशाल विकावा, पण वरच्या मजल्यावरील गृहस्थांना नाही. त्यांनी वीस वर्षे माझ्या खिडकीवर गालिचे झटकले आहेत.

२. कॉफीची तांब्याची भांडी माझा तेव्हाचा उपमंत्री व्होयिन याला द्यावीत. तो सर्ब, दुसरा उपमंत्री यूरे क्रोएट, मी बोश्नियाक, म्हणजे बोस्नियाचा मुसलमान. आम्हा तिघांच्या सह्यांशिवाय मंत्रालयात खडूसुद्धा येत नसे. टीव्हीसमोर हमरीतुमरीवर यायचो, मग आत जाऊन याच भांड्यांतली कॉफी प्यायचो. अशा कारभारातही सात वर्षांत पाच पूल उभे राहिले आणि एका बोगद्याची फीत मी दोनदा कापली.

३. आता चुकीबद्दल. गावांची नावे कोणती लिहायची यावरून बैठका मोडत, म्हणून आम्ही रस्त्यांच्या यादीत फक्त क्रमांक घालू लागलो. सत्तावीस क्रमांकाच्या रस्त्यासाठी व्होयिन फारच आग्रह धरू लागला. मला वाटले, नक्कीच त्याच्या माणसांचा रस्ता. मी नकाराधिकार वापरला, टाळ्याही मिळवल्या. तो रस्ता यावोराकचा निघाला. माझ्याच गावाचा! व्होयिनने तिथे राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, झुमराताईच्या, हातची 'पिता' ही सारण भरलेली रोटी खाल्ली होती, म्हणून त्याने तो गुपचूप यादीत घातला होता.

पुढच्या हिवाळ्यात ताईचा नवरा आजारी पडला, आणि गाडी वर जाईना म्हणून त्याला चादरीत घालून तीन किलोमीटर चिखलातून खाली आणावे लागले. तो वाचला. ताई मात्र अकरा वर्षे माझ्याशी बोलली नाही. रस्ता अजून झालेला नाही. मला याची लाज वाटते.

४. दफनाआधी इमाम जमलेल्यांना विचारतात, "याला माफ केलंत ना?" आणि सगळे "केलं" म्हणतात. आमच्याकडे बायका त्या वेळी घरी असतात. तरी इमामांनी यावोराकला जाऊन ताईला वेगळे विचारावे, आणि ती "केलं" म्हणेपर्यंत मला पुरू नये.

हे कलम वाचून साक्षीला आलेला व्होयिन ओरडला, "गाढवा, ती जिवंत आहे, तूही आहेस. फोन कर की!"

केला.

"ताई, मला माफ कर."

"फोनवरून? बरं सोपं आहे रे तुझं! हमरस्त्याला गाडी सोड, चालत ये, आणि दारात उभा राहून विचार."

"ताई, माझे गुडघे..."

"आणि आमचे काय लोखंडाचे होते?"

तिने फोन ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्यावर ओरडली. मला रडू आले, ते व्होयिनने पाहिले, त्याला इलाज नाही.

५. सबब, कलम चार रद्द. मी उद्या सकाळी यावोराकला पायी चढणार आहे. ताईचे उत्तर मिळेपर्यंत मरण्याचा माझा इरादा नाही.

सारायेवो, ११ एप्रिल
(सही) शेफकेत ओमेरागिच

साक्षीदार:
(सही) यूरे बाराच. त्या मतदानात मी तटस्थ होतो. गाडी मी चालवीन.
(सही) व्होयिन मिलिचेविच. मी रस्त्याच्या बाजूने मत दिले होते. तरीही चिखलातून याच्याबरोबर चालणार आहे.